गर्दी का बिथरली? बघणारे एक सांगतात, आतले दुसरंच

प्रश्न असा आहे की कुठे गर्दी बिथरली, दगडफेक झाली किंवा रेटारेटीत माणसं गेली की बाहेरून बघणारे म्हणतात "जमाव बेभान झाला होता, कुणाला कशाचं भान नव्हतं", आणि त्याच गर्दीत उभे असलेले लोक म्हणतात "आम्ही पूर्ण शुद्धीत होतो, असं असं झालं म्हणून आम्ही तसं केलं". मग खरं कुणाचं मानायचं?

मी मोठ्या कार्यक्रमांच्या गर्दीचं नियोजन करतो, म्हणजे गेट किती, रांगा कशा, बॅरिकेड कुठे, वेळ आली तर माणसं बाहेर कशी काढायची हे सगळं. आणि कुठे काही गडबड झाली की नंतर फुटेज बघायचं, लोकांशी बोलायचं आणि नेमकं काय घडलं ते जुळवायचं हे पण माझ्याच कामात येतं. बरीच वर्षं हेच करतोय, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. लोकांनी जे केलं ते का केलं हे आतल्या माणसालाच विचारायचं. काय झालं, म्हणजे कुठे किती दाटी होती, कोण कुठल्या बाजूने आलं, किती वाजता आलं, हे बाहेरच्या नजरेने तपासायचं. घोळ होतो तो बाहेरचा माणूस लांब बसून "का" पण सांगायला लागतो तेव्हा.

बाहेरची नजर म्हणजे काय ते आधी बघा. कंट्रोल रूममधला कॅमेरा उंचावर असतो, त्यातून डोकी दिसतात, चेहरे दिसत नाहीत. बहुतेक वेळा आवाज नसतोच. समोर आठ-दहा स्क्रीन असतात आणि तुम्ही एका स्क्रीनकडे वळेपर्यंत तिथली गोष्ट अर्धी होऊन गेलेली असते, म्हणजे तुम्हाला परिणाम दिसतो, कारण दिसलेलंच नसतं. आणि हजारो डोकी एकदम सरकताना बघितली की आपलं मन त्या सगळ्यांचा मिळून एकच मोठा प्राणी करून टाकतं, तो उसळला, तो वळला, तो भडकला. एकदा हे झालं की त्या प्राण्याला स्वभाव चिकटवायला फार वेळ लागत नाही.

एक उदाहरण देतो. मोकळ्या मैदानावरचा कार्यक्रम, डावीकडच्या गेटला लांब रांग, सगळं शांत. अचानक रांग मोडली, दोनेकशे माणसं उजवीकडे पळत सुटली आणि मधलं बॅरिकेड आडवं झालं. कंट्रोल रूमच्या नोंदीत एकच ओळ होती, "जमाव अनियंत्रित, बॅरिकेड तोडले". नंतर त्या रांगेतल्या लोकांशी बोललो तर कळलं की गेटवरच्या मुलाने हात हलवून सांगितलं होतं की हे गेट बंद होतंय, पलीकडच्या गेटला जा. पुढच्या लोकांनी ते ऐकलं आणि निघाले. मागच्यांनी काहीच ऐकलं नव्हतं, त्यांनी फक्त पुढचे वळताना बघितले, आणि इतका वेळ उभं राहून नंबर जायला नको म्हणून ते पण निघाले. आता बॅरिकेडचं. दोन बॅरिकेड एकमेकांना जोडणारी क्लिप आधीच निघालेली होती, एक जण लहान मुलीला उचलून पलीकडे घेताना त्यावर टेकला आणि ते कलंडलं. मागच्या दोघांनी ते पाय अडकू नये म्हणून उचलून बाजूला ठेवायचा प्रयत्न केला. हे सगळं फुटेजमध्ये आहे! सावकाश, एकेका माणसावर नजर ठेवून बघितलं की दिसतं. पण पहिल्यांदा बघताना खोलीतल्या कुणालाच दिसलं नव्हतं, कारण तोपर्यंत "जमावाने तोडलं" हे मनात पक्कं झालेलं होतं.

नोंद करणारा माणूस खोटं बोलत नव्हता हे पण लक्षात घ्या, त्याला दिसलं तेच त्याने लिहिलं.

"गर्दीला डोकं नसतं" ही समजूत काही आजची नाही. १८९५ मध्ये फ्रान्समध्ये गुस्ताव ल बाँ यांनी ती पुस्तकरूपात मांडली, की गर्दीत शिरलं की माणसाचं स्वतःचं असं काही उरत नाही, भावना साथीच्या रोगासारख्या पसरतात आणि शिकलासवरला माणूस पण रानटी होतो. पुस्तक प्रचंड गाजलं, राजकारणी आणि लष्करी मंडळींनी आवडीने वाचलं. पण ल बाँ यांनी १८७१ चा पॅरिस कम्यूनचा, म्हणजे तिथल्या कामगार-सामान्यांनी शहराचा ताबा घेतला होता तो, उठाव बघितला होता तो त्या उठावाची धास्ती घेतलेल्या बाजूने, आणि त्यांच्या लिखाणात गर्दीतली माणसं स्वतः काय सांगतात याला जागाच नाही. पुढे इतिहासकारांनी जुनी पोलीस दप्तरं उघडली तेव्हा चित्र बरंच वेगळं निघालं. जॉर्ज रुडे यांनी फ्रेंच राज्यक्रांतीतल्या जमावांची दप्तरं तपासली, तर ज्यांना गुंड-मवाली म्हणून रंगवलं होतं ते बहुतेक कारागीर, छोटे दुकानदार, मजूर असे कामधंदा असलेले लोक होते. ई. पी. थॉम्प्सन यांनी १९७१ मध्ये अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या धान्याच्या दंगलींवर लिहिलं, तिथे तर काही ठिकाणी जमाव धान्य ताब्यात घेऊन आपल्याला रास्त वाटेल त्या भावाने विकायचा आणि आलेले पैसे मालकाला नेऊन द्यायचा. बेभान माणूस असा हिशोब चुकता करत नाही हो.

या विषयात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराचा अभ्यास. २ एप्रिल १९८० ला ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात पोलिसांनी एका कॅफेवर धाड टाकली आणि त्यातून दंगल झाली, पोलिसांना काही तास त्या भागातून माघार घ्यावी लागली. बाहेरून बघणाऱ्यांचं म्हणणं नेहमीचंच, हिंसेचा उद्रेक, कसलाही धरबंध नाही. स्टीफन रायकर या मानसशास्त्रज्ञाने तिथे असलेल्या लोकांशी बोलून, बाकीच्या नोंदींशी ताडून १९८४ मध्ये जे मांडलं त्याने या क्षेत्राची दिशाच बदलली. त्यांना दिसलं की गर्दीचे हल्ले ठरावीक गोष्टींवर होते. पोलीस आणि पोलिसांच्या गाड्या, बँक, सरकारी मदतीचं ऑफिस, बाहेरच्यांच्या मालकीची दुकानं. वस्तीतल्या लोकांची घरं आणि त्यांची दुकानं बरीचशी वाचली. पोलीस वस्तीच्या हद्दीबाहेर गेले तशी गर्दी त्यांच्या मागे लांबवर धावत गेली नाही. काही लोक तर चौकात उभं राहून वाहतूक मार्गी लावत होते. आणि मला कायम लक्षात राहिलेला तपशील असा की पोलिसांवर दगड पडत होते तेव्हा बाकीचे पण सामील होत होते, पण एका बसची काच फुटली तेव्हा आजूबाजूचे लोकच नाराज झाले, आणि ते प्रकरण तिथेच थांबलं. दगड तोच, फेकणारी गर्दी पण तीच, मग भावना साथीसारख्या पसरत असतील तर बसवरचा दगड का नाही पसरला? लोक त्या वेळी "आपण कोण आणि आपल्याला काय शोभतं" यावरून ठरवत होते. त्यांचं स्वतःचं डोकं शाबूत होतं, फक्त ते "मी" म्हणून विचार न करता "आपण सेंट पॉल्सवाले" म्हणून विचार करत होते.

याचा अर्थ दंगल बरोबर होती असा मी अजिबात काढत नाहीये. माणसं जखमी झाली, मालमत्ता जळाली. पण तिला आकार होता, हद्द होती, आणि तो आकार आतल्यांच्या बोलण्यातूनच कळला. बाहेरून फक्त धूर दिसला असता.

आता करणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या सांगण्यात असा फरक का पडतो? मानसशास्त्रात जुनं सांगणं असं, एडवर्ड जोन्स आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७१ च्या सुमाराला मांडलेलं, की करणारा माणूस आपल्या वागण्याचं कारण परिस्थितीत शोधतो आणि बघणारा ते करणाऱ्याच्या स्वभावात शोधतो. हे इतकं लोकप्रिय झालं की अजून सगळीकडे तसंच शिकवलं जातं. पण बर्ट्रम माले यांनी २००६ मध्ये यावरचे पावणेदोनशेच्या आसपास अभ्यास एकत्र करून बघितले तर सरसकट असा फरक जवळपास नव्हताच. काही वाईट घडलं असेल तिथे तो दिसतो, चांगल्या घटनांमध्ये उलटा होतो. मालेंचं स्वतःचं म्हणणं मला कामात जास्त उपयोगी पडलंय, की करणारा आपली कारणं "मला हे दिसलं, मला हे हवं होतं, म्हणून मी हे केलं" अशी सांगतो, आणि बघणारा त्याच्या मागची पार्श्वभूमी सांगतो, "तरुण पोरं, प्यायलेली, आधीच तापलेली". गर्दीच्या बाबतीत हे अगदी तंतोतंत लागू पडतं. बातमी बघा, तिच्यात पार्श्वभूमी भरपूर असते, पण "त्या मिनिटाला त्यांना काय दिसलं" हे जवळपास नसतंच. आणि त्या मिनिटाला काय दिसलं हे माहीत नसेल तर कुठलंही वागणं वेडेपणाच वाटणार.

यात पोलिसांची बाजू पण अभ्यासली गेलीय. क्लिफर्ड स्टॉट आणि रायकर यांनी ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्यांशी बोलून १९९८ मध्ये लिहिलं, की अधिकाऱ्यांना गर्दीत दोन प्रकारचे लोक दिसतात, मूठभर समाजकंटक आणि त्यांच्या नादी लागू शकणारी बाकीची भोळी जनता. म्हणजे गर्दीत सज्जन आहेत हे त्यांना मान्य असतं. पण प्रत्यक्ष बंदोबस्तात समाजकंटक वेगळा ओळखता येत नाही आणि भोळे कधीही बिघडू शकतात असं मानलेलं असतं, त्यामुळे वागणूक सगळ्यांना एकच, ढकला मागे. आता जो माणूस नुसता उभा होता त्याला पण ढाल लागली, तो बाजूच्या अनोळखी माणसाकडे बघतो आणि पहिल्यांदाच त्याला वाटतं की आपण दोघं एका बाजूचे आहोत. जी एकजूट पोलिसांना आधीपासून आहे असं वाटत होतं ती आत्ता तयार झाली. मग अधिकारी म्हणतो बघा, मी म्हणलं नव्हतं! आणि आतला म्हणतो आम्ही काहीच केलं नव्हतं, त्यांनी सुरू केलं. दोघंही आपापल्या जागेवरून जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगत असतात.

पोर्तुगालमधल्या २००४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत याच अभ्यासाचा आधार घेऊन बंदोबस्त आखला होता. सामन्यांच्या शहरांमध्ये पोलीस रोजच्या नेहमीच्या गणवेशात, जोडीजोडीने लोकांमध्ये मिसळून बोलत होते, दंगलविरोधी पथकं जवळ पण नजरेआड, आणि कारवाई करायची ती ठरावीक माणसावर, सगळ्या घोळक्यावर नाही. त्या भागात इंग्लंडच्या चाहत्यांकडून म्हणावा असा गोंधळ झाला नाही, उलट आगाऊपणा करणाऱ्यांना बाकीचे चाहतेच आवरत होते. जिथे दुसऱ्या पोलीस दलाकडे बंदोबस्त होता आणि ही पद्धत वापरली गेली नव्हती त्या अल्बुफेरामध्ये मात्र दंगली झाल्या. चाहते त्याच देशाचे, स्पर्धा तीच.

इथपर्यंत वाचून वाटेल की आतला सांगतो तेच खरं. नाही. आतल्या माणसाला काही गोष्टी दिसूच शकत नाहीत आणि त्या गोष्टींनीच माणसं मरतात.

एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर अजून वळता येतं, पाऊल टाकता येतं. सहा-सात झाली की तुमच्या हालचालीवर तुमचा ताबा राहत नाही. गर्दीच्या हालचालींचा अभ्यास करणारे इंजिनीअर जॉन फ्रुइन यांनी सातच्या आसपास गर्दी जवळजवळ द्रवासारखी होते असं लिहिलंय आणि स्टेजसमोरच्या बॅरिकेडच्या आतल्या बाजूला जो उभा राहिलाय त्याला ते पुस्तकात वाचायची गरज नाही. मागे कुठेतरी थोडा तोल गेला की लाट येते, पहिल्या रांगेतल्यांच्या बरगड्या रेलिंगवर दाबल्या जातात, लाट परत जाते, पुन्हा येते. त्यांचे हात वर असतात, नाचायला नाही, खाली अडकले तर परत वर काढता येत नाहीत म्हणून. स्क्रीनवर मात्र तो जल्लोष दिसतो. माणूस अशा वेळी बहुतेकदा उभ्या उभ्याच गुदमरतो, छाती फुगायला जागा नसते म्हणून, पायाखाली येऊन मरणारे त्यापेक्षा कमी.

आता या पहिल्या रांगेतल्याला नंतर विचारलं तर तो काय सांगतो? "मागचे जनावरासारखे ढकलत होते, सांगून ऐकत नव्हते." आणि मागच्याला विचारलं तर तो म्हणतो "आम्ही कुणाला ढकललं नाही, जागा दिसली तसं एक पाऊल पुढे गेलो." दोघंही गर्दीच्या आतले, तरी पुढचा माणूस मागच्यांबद्दल अगदी बाहेरच्यासारखाच बोलतोय! आतला माणूस आतला असतो तो फार तर आपल्या हाताच्या अंतरावरच्या चार-पाच जणांपुरता, त्यापलीकडची सगळी गर्दी त्याच्यासाठी पण "ती गर्दी" असते. त्यामुळे एका सहभागी माणसाचं म्हणणं घेऊन गर्दीचा आतला आवाज मिळाला असं समजू नका, पुढचा, मागचा, कडेचा आणि मध्येच निघून गेलेला असे सगळे घ्यायला लागतात. निघून गेलेल्यांना तर कुणी विचारतच नाही, आणि बऱ्याचदा त्यांनाच सगळ्यात आधी कळलेलं असतं.

अजून एक. ज्या चुकीसाठी आपण बाहेरच्यांना नावं ठेवतो तीच आतले पोलिसांच्या बाबतीत करतात. हेल्मेटच्या आतला माणूस घाबरलाय, त्याला वॉकीटॉकीवर अर्धवट आदेश आलाय, त्याचा स्वतःचा सहकारी मागे पडलाय, यातलं काही रस्त्यावरून दिसत नाही, दिसते ती फक्त काळी रांग पुढे येताना. मग "ते सगळे ठरवूनच आले होते". शिवाय घटना होऊन गेली की आपण केलेल्या गोष्टीला माणूस जरा नीटनेटकी कारणं पण देतो, समोर कोण विचारतंय यावरून सांगणं बदलतं. खटला चालू असेल तर आणखीच.

बाहेरच्या स्पष्टीकरणाने काय नुकसान होतं ते बघायचं असेल तर हिल्सबरो. १५ एप्रिल १९८९, इंग्लंडमधल्या शेफील्डचं हिल्सबरो स्टेडियम, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या फुटबॉल संघांचा एफए कपचा उपांत्य सामना. लिव्हरपूलच्या चाहत्यांना आत सोडणारी फिरती गेट अपुरी होती, बाहेर जीवघेणी दाटी झाली, म्हणून २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांच्या आदेशाने बाहेर जायचं मोठं गेट उघडलं गेलं. आत आलेल्यांना समोर एक बोगदा दिसत होता, तो उताराने थेट मधल्या दोन जाळीबंद कप्प्यांमध्ये जात होता आणि ते आधीच भरलेले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती. बोगदा बंद करून लोकांना बाजूला वळवायला हवं होतं, ते कुणी केलं नाही. बोगद्यातून चालणाऱ्यांना पुढे काय चाललंय हे कळायचा काही मार्गच नव्हता, त्यांना मैदानाचा उजेड दिसत होता, म्हणून ते चालत राहिले. पुढचे जाळीला चिरडले जात होते. जीव वाचवायला लोक जाळीवर चढायला लागले, आणि पोलिसांना सुरुवातीला ते मैदानात घुसणारे हुल्लडबाज वाटले. मग लोक जाहिरातींचे फलक उखडायला लागले. तेवढंच बघितलं तर तोडफोड. पुढच्या क्षणी त्याच फलकावर माणूस झोपवून सहा जण त्याला पळवत नेताना दिसतात, कारण स्ट्रेचर नव्हती.

९७ माणसं गेली, शेवटचा मृत्यू जुन्या दुखापतींमुळे २०२१ मध्ये झाला. त्या दिवशी बंदोबस्ताच्या प्रमुखाने चाहत्यांनीच गेट तोडलं असं सांगितलं, काही दिवसांतच पेपरात दारूडे चाहते, मेलेल्यांना लुटणारे चाहते असं छापून आलं. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगितलं की मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण कोसळलं हे होतं. तरी ते चित्र लोकांच्या मनातून गेलं नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने दाखवलं की पोलिसांच्या जबान्यांमध्येच मोठ्या प्रमाणात फेरफार केले होते, आणि २०१६ मध्ये ज्युरीने हे मृत्यू बेकायदेशीर ठरवले आणि चाहत्यांच्या वागण्याचा त्यात काही हातभार नव्हता असा निकाल दिला. २७ वर्षं! आतले लोक पहिल्या दिवसापासून जे सांगत होते ते मान्य व्हायला इतका काळ लागला, कारण "गर्दी म्हणजे अशीच" हे ऐकणाऱ्याला आधीच पटलेलं होतं. मला याचा अजून संताप येतो. आणि यात निव्वळ सुरक्षेचं नुकसान पण आहे, कारण एकदा "गर्दी बेभान झाली" असं ठरवलं की बोगद्याच्या तोंडाशी माणूस का नव्हता, किती जण आत गेले हे मोजायची सोय होती का, हे प्रश्नच बंद होतात.

जर्मनीत डुइसबर्गला २४ जुलै २०१० ला लव्ह परेड या संगीत महोत्सवात २१ माणसं गेली तिथे पण सुरुवातीला पॅनिक हाच शब्द फिरला. आत यायला आणि बाहेर जायला एकच रॅम्प, दोन्हीकडून बोगद्यांतून येणारे लोक. नंतर लोकांनी स्वतः काढलेले व्हिडिओ वेळेप्रमाणे लावून अभ्यास झाला तेव्हा आधी घबराट आणि मग चेंगराचेंगरी असा क्रमच सापडला नाही, दाटी इतकी झाली की लोक आपोआप हेलकावत गेले आणि पडले. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण इथे आतल्यांचे फोन हीच बाहेरची नजर झाली.

पॅनिकवरून आठवलं, आतले लोक पण हा शब्द वापरतात आणि त्यामुळे ऐकणारा फसतो. ७ जुलै २००५ ला लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये बॉम्ब फुटले, ५२ जण मारले गेले. जॉन ड्रुरी आणि सहकाऱ्यांनी वाचलेल्यांशी बोलून आणि त्यांची छापून आलेली निवेदनं तपासून २००९ मध्ये लिहिलं. अंधारात, धुरात, मदत यायला वेळ, आणि अनोळखी लोक एकमेकांचं रक्त थांबवतायत, पाणी देतायत, बाहेर पडताना "तुम्ही आधी" म्हणतायत. यातलेच काही जण "सगळे पॅनिक झाले होते" असं पण म्हणतात! म्हणजे मनातून घाबरलो होतो एवढंच त्यांना सांगायचं असतं. म्हणून मी कधीच "लोक घाबरले होते का" असं विचारत नाही. त्याला उत्तर हो असंच येतं. "तुमच्या डाव्या बाजूला कोण होतं, त्याने काय केलं" असं विचारलं की तोच माणूस पाच मिनिटं शिस्तीच्या आणि मदतीच्या गोष्टी सांगतो.

दाटीचा अनुभव पण आत आणि बाहेर वेगळा असतो. प्रयागच्या माघमेळ्यात भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांच्या गटाने यात्रेकरूंना एकच गोंगाट ऐकवला, काहींना सांगितलं हा मेळ्यातला आहे, काहींना सांगितलं शहरातल्या रस्त्यावरचा. मेळ्यातला समजून ऐकणाऱ्यांना तो कमी त्रासदायक वाटला आणि त्यांनी तो जास्त वेळ ऐकला. मक्केच्या हज यात्रेतल्या २०१४ च्या अभ्यासात पण ज्यांना आजूबाजूचे आपले वाटत होते त्यांना दाटी वाढली तरी असुरक्षित वाटत नव्हतं, उलटच. बाहेरचा म्हणतो हे लोक कसे सहन करतात, आणि आतल्याला त्यात सहन करण्यासारखं काही वाटत नसतं, त्यासाठीच तर तो आलेला असतो. माझ्या कामाच्या दृष्टीने यातच धोका पण आहे. आपल्या माणसांत सुरक्षित वाटलं म्हणून बरगड्यांवरचा दाब कमी होत नाही, त्यामुळे "लोक खुश आहेत" हे दाटी मोजणं सोडून द्यायचं कारण होऊ शकत नाही. तिथे बाहेरचा कॅमेरा आणि मोजणी हेच खरं.

तुम्हाला स्वतःला एखाद्या घटनेचं खरं-खोटं करायचं असेल तर व्हायरल झालेली ती दहा सेकंदांची क्लिप बाजूला ठेवा आणि तिच्या आधीची दहा मिनिटं शोधा. कुणी काय घोषणा केली, ती कुठपर्यंत ऐकू गेली, कुठलं गेट केव्हा बंद झालं. एका वेळी एकाच माणसावर नजर ठेवून फुटेज बघा, मग दुसऱ्यावर. लोकांच्या फोनमधल्या फोटोंवर वेळ असते, ती त्यांच्या सांगण्याशी जुळवा, कारण घटनेत मिनिटांचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. बंदोबस्तावरच्या पोलिसाला आणि गेटवरच्या स्वयंसेवकाला पण सहभागी म्हणूनच विचारा, त्याला काय सांगितलं होतं आणि त्याच्या जागेवरून काय दिसत होतं. आणि हे पहिल्या दोन-चार दिवसांत करा, त्यानंतर लोक स्वतःला दिसलेलं सांगता सांगता बातम्यांमधलं पण त्यात मिसळून सांगायला लागतात आणि मग दोन्ही वेगळं करणं फार अवघड जातं.